तात्या, तुमच्या त्या वहीबद्दल

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनावरचा माझा प्रबंध परवा विद्यापीठात सादर झाला. ऋणनिर्देशात नाव घालू नको म्हणालात, म्हणून घातलं नाही. पण आभार न मानता गप्प बसणं मला जमणार नाही. म्हणून हे जाहीर पत्र, तेही बिननावाचं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी एकाच प्रश्नात अडकले होते. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञानं 1965 मध्ये मांडलेला मुद्दा आपल्या टोलला लावला तर असा: टोल गेला तर सगळ्यांचाच जाणार, मोर्चाला न आलेल्याचाही, मग शहाणा माणूस कामधंदा सोडून उन्हात कशाला येईल? आणि कोल्हापुरात तर लोक वर्षानुवर्षं येत राहिले. याचं उत्तर कुणालाही विचारा, कोल्हापूरकर मुळातच लढवय्ये, एवढंच मिळतं. ऐकायला बरं वाटतं. पण तेच लढवय्ये बाकीच्या चार प्रश्नांवर घरी का बसतात?

तुम्ही समजावत बसला नाहीत. माळ्यावरची दोनशे पानी वही काढून पुढ्यात टाकलीत. डावीकडं तालमीचं किंवा मंडळाचं नाव, मग निरोप कुणाला द्यायचा, कर्ण्याची रिक्षा कुणाची, चहा कुणाकडून. काही नावांपुढं पेन्सिलीनं 'घरी जाणे'. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणालात, "फोनवर हो म्हणत्यात आन् येत न्हाईत. दारात जाऊन हुभं ऱ्हायलं की चप्पल घालत्यात."

डग मॅकॲडम या समाजशास्त्रज्ञाला हेच सापडलं होतं. 1964 च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी मिसिसिपीत जायला निवडलेले काही विद्यार्थी ऐनवेळी गेलेच नाहीत. त्यानं गेलेल्यांचे आणि न गेलेल्यांचे अर्ज ताडून पाहिले. तळमळ दोन्हीकडं जवळपास सारखीच. गेलेल्यांच्या ओळखीतले मात्र जास्त जण निघालेले होते. आपल्याकडं त्या ओळखी पेठेतल्या तालमींनी आधीच बांधून ठेवल्या होत्या. आंदोलन चालवणाऱ्या कृती समितीला त्या फक्त टोलनाक्याकडं वळवाव्या लागल्या.

याचा अर्थ नेतृत्व बिनकामाचं होतं, असं नाही. आंदोलनाचे ज्येष्ठ नेते, ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर रस्त्यावर बसलेत म्हटल्यावर तिशीतल्या माणसाला सबब सांगायला तोंड राहत नाही, हेही तुम्हीच दाखवून दिलंत. फेब्रुवारी 2015 मध्ये आंदोलनातले दुसरे नेते गोविंद पानसरे यांची हत्या झाली. त्या वेळची पानं कोरी आहेत, पुढं पुन्हा तेच अक्षर, तेच रकाने. त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली.

एका गोष्टीवरून मात्र मी तुमच्याशी भांडले होते. फोटोत बायका पुढच्या रांगेत, आणि वहीत एकीचंही नाव नाही! तुम्ही हसलात आणि आतल्या खोलीकडं बोट केलंत. "ते डिपार्टमेंट हिचं." काकूंकडं वही नव्हतीच. भिशीच्या दिवशी निरोप फिरायचा, कुणाचं पोर कोण सांभाळणार तेही तिथंच ठरायचं. हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण आता भिशीवर आहे, आणि मार्गदर्शक बाईंनी त्यातली एक ओळही कापलेली नाही.

वही स्कॅन करून झाली. लोकांची नावं झाकूनच पानं छापली आहेत. रविवारी आणून देते. काकूंना सांगा, जेवायलाच येणार आहे.

तुमची,
शिवाजी विद्यापीठातली विद्यार्थिनी