नावं विचारायची राहिली

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात नेट म्हणजे गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येतं. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला घेतली तेव्हा जवळ एक जुनं पुस्तक होतं आणि त्यातला पहिलाच प्रोग्राम चालेना. आठ दिवस वाटलं, हे आपल्याला जमणारच नाही.

यवतमाळच्या एसटीत शेजारच्या ताईंनी माझी वही पाहिली. म्हणाल्या, "भाऊ, हे पायथन २ चं पुस्तक हाये. ३ मध्ये प्रिंट या आदेशाले कंस लागते." पायथन ३ आलं २००८ मध्ये, २ ची देखभाल २०२० पासून बंद. हे सांगणारं तोवर कोणी भेटलंच नव्हतं. ताई मधल्याच फाट्यावर उतरल्या.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या भाऊंनी पायथनची अधिकृत माहिती, ट्युटोरियलसकट, पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली. ती फुकटच मिळते, म्हणून त्यांनीही पैसे घेतले नाहीत. त्यातूनच कळलं की 'हेल्प' लिहून कंसात शब्द टाकला की पायथन स्वतःच समजावून सांगतं, नेटशिवाय. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ धड्यांमधल्या मराठी आवाजांचेही मनापासून आभार.

यंदा वेचणीच्या मजुरीचा हिशोब मी लिहिलेल्या प्रोग्रामवर झाला. किलो टाकले की प्रत्येक बाईचे पैसे समोर. मायनं दोनदा बोटांवर मोजून पाहिले, बरोबर निघाले.

ताई, पुस्तकातले सगळे प्रोग्राम मी कंस घालून पुन्हा लिहिलेत. यवतमाळच्या गाडीत बसलो की अजून तुम्हाला शोधतो.