मेकफाइलही ओळ न् ओळ वाचा

महोदय,

इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली आपली काही मुलं मुक्त-स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) कंपायलर प्रकल्पांना कोड पाठवतात. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम. रामबागेत माझ्याकडे ती शनिवारी येतात, त्यांचे बदल मी तपासतो. सी-प्लस-प्लसच्या ओळीओळीवर ती हिरिरीने वाद घालतात. मेकफाइल, म्हणजे कुठली फाइल कशापासून तयार करायची हे सांगणारी नियमांची फाइल, आली की 'ठीक आहे, काका' म्हणून पुढे सरकतात. हे मला फार खटकतं.

परवाचंच उदाहरण घ्या. भाषेच्या व्याकरणाच्या फायलीतून बायसन हे साधन एक हेडर (इतर फायलींना लागणाऱ्या व्याख्यांची फाइल) तयार करतं, ते लेक्सरला, म्हणजे कोडचे शब्द सुटे करणाऱ्या भागाला, लागतं. पण लेक्सर त्या हेडरवर अवलंबून आहे, हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. मेकफाइलचे नियम राबवणारं साधन म्हणजे 'मेक'. नुसतं 'मेक' चालवलं की कामं एकामागून एक होतात, हेडर आधी तयार होतं, सगळं सुरळीत. 'मेक -जे८' दिलं की आठ कामं एकदम सुटतात आणि हेडर तयार व्हायच्या आत लेक्सर कंपाइल व्हायला लागतो. कधी बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम, पुरं होतं, कधी मोडतं. असला दोष शोधताना रात्र सरते. नियमात एक नाव घातलं की तो मिटतो.

२०२४मध्ये एक्सझेड-युटिल्स या फायली आकुंचित करणाऱ्या साधनात सापडलेला चोरदरवाजाही (गुपचूप आत शिरायची वाट) बिल्डच्याच स्क्रिप्टमधून आत शिरला होता, हे मुलांना सांगायलाच हवं.

महाविद्यालयांनी कंपायलरच्या प्रात्यक्षिकात मेकफाइल तपासणीला गुण ठेवावेत. आणि मुलांनो, बदल मंजूर करण्याआधी 'मेक क्लीन' करून, म्हणजे आधी तयार झालेल्या फायली पुसून, समांतर बिल्ड चालवा, मग एखादं हेडर बदलून पुन्हा चालवा.

– एक संगणक अभियंता, रामबाग, इंदूर