बाई, तुमच्या मारव्यासाठी

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

कादंबरी छापून आली. अर्पणपत्रिकेत नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात, म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

माझा प्रश्न लेखनातला होता. जो माणूस गोष्टीत कुठेच येत नाही, तो वाचकाला सतत जाणवत कसा ठेवायचा? तुम्ही काही न बोलता तानपुरा जुळवलात आणि मारवा राग सुरू केलात. मारव्यात पंचम, म्हणजे प, वर्ज्य, आणि षड्ज, म्हणजे सा, असूनही सहजी हाती न लागणारा. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून कोमल रिषभ, मग गंधार, तीव्र मध्यम, धैवत. उतरताना पुन्हा रिषभावर रेंगाळून थेट खाली निषाद. मधला सा गाळलेला. तानपुऱ्यात मात्र तो अखंड वाजत होता. कान त्याच्यासाठी आसुसला होता, आणि अखेर तुम्ही त्यावर येऊन थांबलात तेव्हा माझाही अडकलेला श्वास सुटला.

कादंबरीतले वडील मला तिथे सापडले. दोघी बहिणी त्यांचं कपाट आवरतात, त्या प्रकरणात बोलणं होतं ते चष्म्याच्या घराबद्दल, किल्ल्यांबद्दल, शर्टाच्या न मोडलेल्या घडीबद्दल. त्यांचा उल्लेख एकदाही नाही. ‘बाबा’ ही हाक धाकटीच्या तोंडी येते ती थेट शेवटून दुसऱ्या पानावर.

लयीचंही ऋण आहेच. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात १२ मात्रांचं एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, जवळजवळ मिनिटभर चालतं. गायक त्यात हवा तसा फिरतो, पण समेचं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचं, भान सोडत नाही. लांब वाक्य लिहायचं धाडस मला त्यातून आलं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, वाचक त्याची वाट पाहत असतो, आणि ते जागेवर पडलं की मान आपोआप डोलते. (लिहिताना मागे गाणं लावून ठेवणं मला मुळीच जमत नाही. ऐकायचं तेव्हा फक्त ऐकायचं, हे तुमचंच वळण.)

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी कादंबऱ्या लिहायला घेण्याआधी, १९७४ साली, टोकियोत जॅझ क्लब सुरू केला होता. लेखनाबद्दल जे कळलं ते बहुतेक संगीतातूनच, असं त्यांनी लिहिलं आहे. ते वाचताना मला तुमची बैठकीची खोली आठवली.

बाई, मनापासून आभार. नव्या कादंबरीत पाच पात्रं एकाच रात्रीबद्दल सांगणार आहेत, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू यायला हवा. मसुदा घेऊन येते. तुम्ही डोळे मिटून ऐका, आणि लय ढळेल तिथे हात वर करा.

तुमची विद्यार्थिनी