निळ्या एरोग्रामवरचं खोटं: कोलंबसच्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण लिहितोय चारचौघांत. तुमचं नाव घालायचं नाही ही तुमची अट. मुलाचं घालायचं नाही ही त्याच्या आईची. त्याला स्वतःला विचारलं, तर म्हणाला, "घाला की बाबा, मला काही नाही." तेवढी हिंमत आम्हा दोघांना अजून झालेली नाही. तसंही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या आमच्या कोलंबसातल्या मंडळींना नाव लागणार नाही. इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची लाल-करडी टोपी डोक्यावर ठेवून सुखकर्ता दुःखहर्ता म्हणणारे काका या शहरात एकच आहेत.

ऑक्टोबर 2024. पहाटे पावणेतीनला फोन वाजला तेव्हा मला वाटलं पुण्याहून आहे, आईला काही झालं. फोन इथलाच होता. मुलाला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं होतं. इथे त्याला ओव्हीआय म्हणतात, हे तीन अक्षरी नाव मी त्या रात्री पहिल्यांदा कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉलेजच्या गावी गेलो आणि एकेक गोष्ट बाहेर आली. जवळजवळ दोन सेमिस्टर तो वर्गात गेलाच नव्हता. आम्हाला दर रविवारी फोनवर "हो, अभ्यास चालू आहे" सांगत होता, आणि आम्ही "जेवलास का" विचारून ठेवून देत होतो.

आम्ही काय केलं? दार लावून घेतलं. कोजागिरीला गेलो नाही. दिवाळीच्या फराळाच्या याद्या आल्या, बायकोने तब्येतीचं कारण कळवलं. मंडळात कुणी विचारलं की "इंटर्नशिपला आहे". मराठी शाळेत ज्याने शिवाजी महाराजांवरचं भाषण पाठ म्हणून दाखवलं, लेझीम पथकात जो पहिल्या रांगेत असायचा, त्याच्याबद्दल दुसरं काय सांगणार होतो?

मग एका संध्याकाळी तुम्ही आलात. हातात स्टीलचा डबा, त्यात तुमची ती नेहमीची जास्त मिरी घातलेली खिचडी. बसलात, चहा मागितलात, आणि पोराला काय झालं हे न विचारता एवढंच म्हणालात, "कोर्टाची तारीख कधी आहे?" तुम्हाला कसं कळलं हे तुम्ही आजवर सांगितलेलं नाही. मी आता विचारणारही नाही.

तारखेला गाडी तुम्ही चालवलीत, कारण माझे हात स्टिअरिंगवर टिकत नव्हते. दोन तासांचा रस्ता, दोन्हीकडे कापणी झालेली मक्याची शेतं. मला वाटलं होतं तुम्ही धीर द्याल. तुम्ही विचारलंत, "तेरा नंबर आठवतो का रे तुला?"

आठवतो म्हणजे काय! 3 जानेवारी 2003. तुमच्या बेसमेंटमध्ये आम्ही वीसेकजण कोंबून बसलो होतो. मला या देशात येऊन दीड वर्ष झालेलं, फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढीच अक्कल. काकूंनी माझ्या सहा महिन्यांच्या गरोदर बायकोच्या पाठीला लोड दिला होता. समोर ॲरिझोनातला फिएस्टा बोल, कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना. एका बाजूला सलग 34 सामने जिंकलेला मायामी, दुसऱ्या बाजूला 1968 नंतर राष्ट्रीय अजिंक्यपद न पाहिलेला आपला ओहायो स्टेट. आणि आपल्याकडून धावणारा एकोणीस वर्षांचा, तेरा नंबरचा मॉरिस क्लॅरेट, कॉलेजचं पहिलंच वर्ष, त्या एका मोसमात 1,237 यार्ड धावलेला. मायामीच्या शॉन टेलरने आपल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, पास हवेत पकडला आणि उलट पळत सुटला. सगळे डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात या पोराने मागून गाठून चेंडू त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. मला खेळ कळत नव्हता, पण हे कळलं. लहानपणी गल्लीत भाजीवाल्याच्या गाडीवरून पेरू असेच ओढायचो आम्ही. पुढे दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये पाच यार्डांवरून त्यानेच विजयाचा टचडाउन केला. 31-24. तुम्ही मला उचललं होतंत, काका. तेव्हा तुम्हाला उचलता यायचं.

तो क्लॅरेटचा ओहायो स्टेटकडून शेवटचा सामना ठरला. त्याच वर्षी नियमाबाहेरचे फायदे घेतले आणि चौकशीत खोटं बोलला म्हणून त्याला अख्ख्या मोसमासाठी निलंबित केलं. मग त्याने एनएफएलवरच, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगवरच, खटला भरला, कारण शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय तिथे प्रवेश नाही असा नियम होता. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. 2005 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज या एनएफएल संघाने खेळाडू निवडीच्या तिसऱ्या फेरीत घेतला खरा, पण मोसम सुरू होण्याआधीच काढून टाकला. एकही अधिकृत सामना नाही. 2006 च्या पहिल्याच दिवशी कोलंबसमधल्या एका नाइट क्लबच्या मागच्या बोळात दोघांना लुटल्याचा आरोप. ऑगस्टमध्ये पोलिसांनी गाडीचा पाठलाग करून धरला तेव्हा अंगात बुलेटप्रूफ जाकीट, गाडीत चार भरलेल्या बंदुका. शिक्षा साडेसात वर्षं.

ती बातमी आली त्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही हसलो होतो, हे मी तुम्हाला गाडीत कबूल केलं. "माजला होता," असं मीच म्हणालो होतो. घरी तीन वर्षांचा मुलगा होता माझा, आणि मी दुसऱ्याच्या बावीस वर्षांच्या मुलावर हसत होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, वायपर लावलात. पाऊस फारसा नव्हता.

मी म्हटलं, क्लॅरेट आज कॉलेजात असता तर उघड पैसे मिळाले असते. खरंच आहे ते. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि काल ज्याला लबाडी म्हणायचे त्याचे आज करार होतात. तुम्ही म्हणालात, "जर-तरला यार्ड मिळत नाहीत." आणि पुढचं सांगायला लागलात, जे मला ठाऊकच नव्हतं, कारण आम्ही बहुतेकांनी ती गोष्ट बंदुकांपाशीच सोडून दिली होती.

टोलेडोच्या तुरुंगात तो वाचायला लागला. लिहायला लागला, आणि घरची माणसं ते इंटरनेटवर टाकायची. अटकेच्या थोडंच आधी त्याला मुलगी झाली होती. 2010 च्या एप्रिलमध्ये, साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ आत काढून तो सुटला. ओमाहाच्या एका छोट्या लीगच्या संघात थोडं खेळला. ते मला वाटलं पुनरागमन, तुम्ही म्हणालात ते नव्हेच, ते पायांचं होतं. पुढे तो शाळांत, कॉलेजांत, तुरुंगांत जाऊन बोलायला लागला. दारूबद्दल, नैराश्याबद्दल, आपण काय केलं त्याबद्दल. 2016 मध्ये आपल्या गावी, यंगस्टाउनला, त्याने द रेड झोन ही संस्था काढली. मानसिक आजार आणि व्यसनं यांत अडकलेल्यांसाठी. फुटबॉलमध्ये गोलरेषेच्या अलीकडच्या शेवटच्या वीस यार्डांना रेड झोन म्हणतात, हेही तुम्हीच समजावलंत.

हे सगळं माझ्यासाठी चाललंय असं मला वाटत होतं. कोर्टाच्या पार्किंगमध्ये मात्र तुम्ही इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, "यंगस्टाउनला मी राहायचो. तुला सांगितलं नाही कधी."

सीओईपीतून मेटलर्जी करून, इथे मास्टर्स करून तुम्ही महोनिंग नदीकाठच्या पोलाद कारखान्यात लागलात, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. 19 सप्टेंबर 1977, सोमवार. यंगस्टाउन शीट अँड ट्यूबने कॅम्पबेल वर्क्स बंद करत असल्याचं जाहीर केलं. पाच हजारांच्या आसपास माणसं. त्या गावात त्या दिवसाला अजूनही ब्लॅक मंडे म्हणतात. पुढची काही वर्षं एकामागून एक भट्ट्या विझत गेल्या. क्लॅरेट जन्मला 1983 मध्ये, म्हणजे ज्या यंगस्टाउनची राख तुम्ही मागे सोडलीत, त्या राखेत.

सव्वीस वर्षांचे होतात तुम्ही. लग्न ठरलेलं. आणि आठ महिने तुम्ही निळ्या एरोग्रामवर, त्या घडीच्या हवाई टपालाच्या पत्रांवर, सदाशिव पेठेत लिहीत राहिलात की काम छान चाललंय, साहेब खूश आहेत, थंडी फार आहे. त्यातली थंडी तेवढी खरी होती. दिवसा तुम्ही घरातून डबा घेऊन निघायचात आणि गाडीत बसून राहायचात. घरात एकटेच असताना! "डबा कुणाला दाखवायला नेत होतो, ते मला आजही सांगता येणार नाही," असं म्हणालात आणि हसलात. मी हसलो नाही. मागच्या सीटवर बसलेला माझा मुलगा, ज्याने त्या दिवशी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, त्याने विचारलं, "मग सांगितलं कसं?"

तुम्ही मान वळवून त्याच्याकडे पाहिलंत. "सांगितलं नाही. काकूने ओळखलं. माझ्या पत्रांत कारखान्याचं वर्णन दर वेळी शब्दन् शब्द तेच असायचं. तिने लिहिलं, भट्टी बंद झाली का? एवढं एक वाक्य. मी ते पत्र हातात घेऊन पोस्टातच खाली बसलो."

त्या पार्किंगमध्ये तो सगळं बोलला, काका. आम्हाला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं ते तुम्हाला वीस मिनिटांत. मी पुढच्या सीटवर ऐकत होतो, मागे वळून बघायची छाती होत नव्हती. आणि नऊ वाजता आम्ही आत गेलो.

पहिलाच गुन्हा म्हणून तीन दिवस कैदेऐवजी तीन दिवसांचा निवासी वर्ग, दंड, लायसन्स निलंबित. लोकांना वाटतं कोर्ट झालं की सुटलं. खरं काम नंतरचं होतं आणि ते कंटाळवाणं होतं. समुपदेशकाकडे दर मंगळवारी, आणि लायसन्स नाही, म्हणजे न्यायचं कुणी? मी आणि बायको ऑफिसात. तुम्ही नेलंत. हिवाळाभर. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, बर्फात. बाहेर गाडीत तासभर लोकसत्ता फोनवर वाचत बसायचात. मुलगा सांगतो, येताना तुम्ही उपदेशाचा एक शब्द काढायचा नाहीत, फक्त आपल्या हाडवैरी मिशिगनच्या संघाला शिव्या द्यायचात.

20 जानेवारी 2025 ला पुन्हा तुमच्या बेसमेंटमध्ये जमलो. काकूंच्या जागेवर त्यांचा फोटो. ओहायो स्टेट विरुद्ध नोत्र दाम, अजिंक्यपदाचा सामना. 34-23, जिंकलो. तिथे मंडळातले सगळे होते, आणि कुणीतरी नेहमीच्या उत्साहात मुलाला विचारलं, "काय, इंटर्नशिप कशी चाललीय?" माझ्या पोटात गोळा आला. त्याने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "इंटर्नशिप नव्हती काका. माझी दारू सुटत नव्हती. आता ट्रीटमेंट चालू आहे." खोलीत दोन-तीन क्षण फक्त टीव्ही बोलत होता. मग तुम्ही म्हणालात, "साखर कमी आहे रे चहात." आणि मंडळी पुन्हा बोलायला लागली. त्या आठवड्यात मला तीन फोन आले. तिघांच्याही घरात काही ना काही होतं. एकाच्या घरात तर तीच तीन अक्षरं.

उन्हाळ्यात तुम्ही त्याला यंगस्टाउन दाखवायला नेलंत. मीही आलो होतो. कारखाना होता तिथे तुम्ही बराच वेळ नदीकडे बघत उभे होतात. तिथून गावात आलो, युनिव्हर्सिटीवरून गेलो. क्लॅरेटचा ओहायो स्टेटमधला प्रशिक्षक जिम ट्रेसेल पुढे इथला अध्यक्ष झाला होता. 2011 मध्ये खेळाडूंच्या भानगडी ठाऊक असूनही कळवल्या नाहीत म्हणून त्यालाही ओहायो स्टेट सोडावं लागलं होतं. आता तो राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर आहे. "ज्याचा संघ, त्याच्यासारखाच गुरू," तुम्ही म्हणालात. कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही. मुलगा मात्र खो खो हसला. किती दिवसांनी.

तो आता इथल्याच कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकतोय, संध्याकाळी एका गोदामात काम करतो. मधे एकदा घसरला, मार्चमध्ये. तुम्हाला ठाऊक आहे, कारण पहिला फोन त्याने तुम्हालाच केला. आम्हाला दुसरा. याचं मला वाईट वाटायला हवं होतं बहुधा, पण मी त्या रात्री बरा झोपलो.

लायसन्स त्याला परत मिळालंय. शनिवारच्या सामन्याला तुम्हाला घ्यायला तोच येईल, साडेदहाला. तुमचा तो स्टीलचा डबा अजून आमच्याकडेच आहे. बायकोने त्यात नारळाच्या वड्या भरून ठेवल्यात. वड्या जरा जास्त भाजल्या गेल्यात, पण पाक त्याने केला होता, तेव्हा काही बोलू नका.

आपला,
कोलंबसशेजारच्या डब्लिनचा आयटीवाला