निळ्या रॉकेलचा सिनेमा कुणी काढत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी कटकारस्थानांवरच्या मारधाडपटांचं आपल्या रविवारच्या पुरवणीतलं कौतुक वाचलं. असे सिनेमे मीही आवडीने बघते. नातू बरोबर असला की पॉपकॉर्नही माझ्याच पैशांचं. पण महसूल खात्यात एकोणतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पुरवठा शाखेत. त्यामुळे पडद्यावर मंत्र्याचं बिंग फुटत असतं तेव्हा माझी नजर त्याच्या मागच्या कपाटाकडे जाते. फायली कशा पुस्तकांसारख्या उभ्या, चकचकीत! लाल फडक्यात बांधलेला एकसुद्धा गठ्ठा नाही.

पुरावा हमखास पेनड्राइव्हमध्ये असतो. नायक त्यासाठी गच्चीवरून उडी मारतो, दहा-बारा जणांची हाडं मोडतो, मग तो टीव्हीवर झळकतो आणि मंत्री बेड्यांत. मला नोकरीत जो पुरावा दिसला तो कुणी लपवलेलाच नव्हता. दुकानाच्या टेबलावर उघडा पडला होता, वर तेलकट पेपरवेट.

गोष्ट रेशनच्या रॉकेलची. खेड्यातल्या एका दुकानाची विक्री नोंदवही तपासायला गेले होते. कार्डधारकाचं नाव, लिटर, सही किंवा अंगठा. सह्या तुरळक, बाकी अंगठेच अंगठे. तीन पानं उलटल्यावर लक्षात आलं की प्रत्येक ठशाच्या मधोमध एक आडवी चीर आहे, विळी लागल्यासारखी. शाई वाळायच्या आत पान मिटल्यामुळे समोरच्या पानावरही तीच चीर उलटी उमटलेली. त्यात वर्षभरापूर्वी वारलेल्या एका आजोबांनीही महिन्याचं रॉकेल नेलं होतं. तेवढ्यात दुकानदाराच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तिच्या अंगठ्यावर मला ती चीर दिसली. मी पाणी प्यायले. उन्हाळा होता हो.

अहवाल लिहिला, सोबत पानांच्या प्रती जोडल्या. रात्री धमकीचा फोन आला नाही, मागे काळी गाडी लागली नाही. साहेबांनी चहा मागवला, मुलांची चौकशी केली आणि टिपणीवर शेरा मारला, ‘चर्चा करावी’. सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा या दोन शब्दांचा अर्थ. चर्चा झाली नाही. चार महिन्यांनी माझी रोजगार हमी शाखेत बदली झाली, तीही रीतसर, बदल्यांच्या हंगामात. कट म्हणावा तर कट करणारा कुणी दिसत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच वही मिटत नाही, उघडतही नाही.

या सगळ्यामागे काय, तर लिटरमागचा फरक. २०११ च्या सुमारास रेशनचं रॉकेल बारा-तेरा रुपयांच्या घरात आणि डिझेल चाळिसाच्या आसपास. डिझेलच्या टँकरमध्ये एक लिटर रॉकेल ओतलं की पंचवीस-सव्वीस रुपये सुटले. ओळखू यावं म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग द्यायचे. भेसळ पकडण्यासाठी २००६ मध्ये त्यात वेगळा मार्करही, म्हणजे खुणेचं रसायन, घालायला सुरुवात झाली, आणि दोन-सव्वादोन वर्षांत ते बंदही पडलं. रहस्यपटवाल्यांनो, यात रहस्य नाही का?

आमच्या जिल्ह्यात ते वर्ष कुणी विसरलेलं नाही. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला टँकरमधली भेसळ दिसली. तेल कंपन्यांचे डेपो तिथेच. ते गाडीतून उतरले आणि मोबाइलवर चित्रण करू लागले. सोबत चालक आणि स्वीय सहायक, बस्स. त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. त्यानंतर राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं, त्यात मीही होते. कचेरीच्या आवारात आम्ही उभे होतो, घोषणा कुणाला सुचत नव्हत्या. माझ्या डोक्यात ती वही. पानेवाडीला पोचणारं रॉकेल कुठल्या तरी दुकानाच्या वहीत ‘वाटप झाले’ म्हणून लिहिलेलं असणारच ना?

‘नायक’मध्ये एका दिवसाचा मुख्यमंत्री अधिकाऱ्यांना भराभर निलंबित करतो. लोक अजून टाळ्या वाजवतात. जाता जाता सांगते, नियमांप्रमाणे निलंबन ही शिक्षाच नव्हे. घरी बसून निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो आणि तीन महिन्यांनंतर तो वाढवूनही देता येतो. पुढे चौकशी रेंगाळली की माणूस परत खुर्चीत. त्या मानाने ‘सिंहासन’ मला खरा वाटतो. १९७९ चा सिनेमा, पण निळू फुल्यांच्या पत्रकार दिगू टिपणीसला सगळं ठाऊक असतं आणि त्याच्या हातात पिस्तूल कुणी दिलेलं नाही.

ठोसे-गोळ्या हव्यात तर असू देत, माझी हरकत नाही. पण एखाद्या दिग्दर्शकाने कॅमेरा पाच मिनिटं त्या वहीवर स्थिर ठेवावा. ठशांवरून हळूहळू सरकावा. थिएटरातल्या कुणाला तरी चौथ्या-पाचव्या ठशाला ती चीर दिसेल आणि तो शेजाऱ्याला कोपर मारेल.

सिनेमात शेवटी खलनायक रेकॉर्ड रूमला आग लावतो. माझ्या त्या वहीची जतनाची मुदत केव्हाच संपली असणार. म्हणजे गठ्ठ्यातून काढून, यादी करून, वरिष्ठांच्या सहीने ती नष्टही झाली असेल. काडी ओढायची वेळ कुणावर आलेली नसणार.

आपली,
एक निवृत्त अव्वल कारकून, जि. नाशिक
(नाव छापू नये, ही विनंती.)