पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या अनोळखी मंडळींना

रोज पहाटे टेकडी चढतो, तुम्हाला हात करतो, पण नावं कधी विचारलीच नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

एप्रिलच्या उन्हात पाच-पाच लिटरचे कॅन वर नेणारे आजोबा, तुमच्या मेडशिंगीच्या झाडाला पालवी फुटली आहे. घाणेरीची माजलेली काटेरी झुडपं मुळासकट उपटून हातभर ओरखडे घेणाऱ्या मुलींनो, तुमचं तर किती कौतुक करू! पूर्वी इथे लावलेलं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड फुलल्यावर गुलाबी, देखणं दिसतं खरं. पण त्याच्या दाटीत इथलं मूळचं गवत, सालई, धावडा यांना जागा उरत नाही. हे मला तुमच्याकडूनच कळलं. तोवर मी ‘हिरवं ते सगळं चांगलं’ याच पंथातला!

वाळलेलं गवत पेटलं तेव्हा ओल्या फांद्यांनी आग झोडपून काढणारे, आणि दुसऱ्यांच्या बाटल्या मुकाट गोळा करणारे (मला तर शिव्याच सुचतात), तुमचेही आभार.

पावसाचं पाणी अडवायला उतारावर आडवे समतल चर खणताना कुणाची तरी कुदळ माझ्याकडे राहिली आहे. रविवारी घेऊन येतो.