विषय: 'फुल डॅमेज' म्हणून विकलेला कार रेसिंगचा गेम, अपडेटमध्ये डॅमेजच काढून घेतलात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
सपोर्टचे जे कोणी मुख्य असतील ते,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलोय, कारण फोनवर बोलून काही होणार नाही हे आज पक्कं कळलं. कार डॅमेज म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवायची गरज नसावी, गेम तुम्हीच बनवलाय. तुमच्या फोनवरच्या माणसांना मात्र ते माहीत नाही.

मी गेम घेतला तेव्हा स्टोअरच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की गाडीला खराखुरा मार बसणार, बॉडी चेपणार, इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळ्यावर परिणाम होणार. ट्रेलरमध्ये पण तेच, गाडी पलटी खाते, बोनेट उडतं, पुढचं चाक वाकडं होतं आणि तशीच फरफटत फिनिश लाइनपर्यंत जाते. ते बघून पैसे भरलेत, आणि थोडेथोडके नाहीत. सुरुवातीला होतं पण तसं, एकदम परफेक्ट नव्हतं खरं, पण होतं. सेटिंगमध्ये तीन पर्याय होते, नुसतं दिसण्यापुरतं, थोडं आणि फुल, मी कायम फुलवर खेळायचो. मग तो मोठा अपडेट आला. मेनूत 'फुल' अजून तसंच लिहिलंय खरं, पण आत काहीच शिल्लक नाही. कुठंही ठोका, रंगावर ओरखडे येतात, बंपर थोडा लोंबतो, झालं. १९० च्या स्पीडनं समोरून भिंतीला ठोकली तरी हेडलाइट लागलेलीच. गाडी रबरी चेंडूसारखी टप्पा खाऊन मागं येते आणि परत पहिल्यासारखी पळायला लागते. व्हिडिओ जोडलाय, बघा की एकदा.

आता मी एवढं का धरून बसलोय. बेळगावात उद्यमबागेकडं आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. चोर्ला घाटात पावसात घसरून कठड्याला लागलेल्या, वंटमुरी घाटाच्या उताराला ट्रकमागं घुसलेल्या, अशाच गाड्या बघत मी मोठा झालो. नुकतीच एक हॅचबॅक आली, पुढं डाव्या कोपऱ्याला मार. गिऱ्हाईक म्हणालं बंपर आणि हेडलाइट बदला, बाकी काय नाही झालेलं. बाबांनी बोनेट आणि मडगार्डच्या मधल्या फटीवरनं नुसतं बोट फिरवलं. एका बाजूला नख पण जात नव्हतं, दुसऱ्या बाजूला अख्खं बोट आत. बंपर काढला तर एसीचं कंडेन्सर चेपून रेडिएटरला चिकटलेलं, फॅनची पाती घासायलेली, कूलंट सगळा खाली. टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी, वाकलेला, म्हणजे स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडं ओढायची आणि गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग तिरकं धरायचं. हे सगळं गावातल्या स्पीडला झालेलं, १९० ला नाही.

मला गेममध्ये हेच पाहिजे होतं. काचांचा पाऊस, आगीचे लोळ, स्लो मोशन, असलं काही मी मागितलेलं नाही. ठोकल्यावर गाडी ओढायला पाहिजे, इंजिनचं टेम्परेचर चढायला पाहिजे, गिअर अडकायला पाहिजे, मग उरलेल्या तीन लॅप ती आजारी गाडी सांभाळत कशी न्यायची, ब्रेक कुठं लवकर मारायचा, कुठं गाडी जपायची, ही खरी ड्रायव्हिंगची मजा. ओरखडे दाखवायचे असतील तर ते स्टिकर लावूनही होतंय.

आता आजच्या फोनबद्दल. आधी बटणं दाबा, इंग्लिश, हिंदी, कन्नड. मराठी नाही, असू दे, आम्हा बेळगावकरांना कन्नड येतंय, कन्नड दाबलं. तरी फोन हिंदीवाल्याकडंच गेला. त्यालाही हरकत नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, अपडेटच्या आधी काय व्हायचं, आता काय होतं, तिकीट नंबर, सगळं. ते म्हणाले होल्ड करा. भरपूर वेळ ते संगीत ऐकलं. परत आले आणि विचारतात सर तुमचा इंटरनेट स्पीड किती आहे. मी म्हटलं ओ मी एकट्यानं खेळायच्या सिंगल प्लेअर करिअरबद्दल बोलायलोय, इंटरनेटचा काय संबंध. मग म्हणे ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. केलाय. मग म्हणे गेम अनइन्स्टॉल करून परत टाका. तेही केलंय, मागच्या वेळी तुमच्याच माणसानं सांगितलं म्हणून, एवढा मोठा गेम रात्रभर डाउनलोडला लावून. परत होल्ड. परत संगीत. आणि मग परत येऊन ते जे बोलले ते मी शब्दन् शब्द लिहितो, "सर, गाडी को कुछ नहीं हो रहा है, ये तो अच्छी बात है ना?"

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं काय म्हणालात. तर लहान पोराला समजावून सांगावं तसं सावकाश परत सांगितलं, की गाडी खराब झाली तर तुम्ही रेस हरणार, खराब नाही झाली तर जिंकणार, मग तुमचा प्रॉब्लेम काय आहे. मी म्हटलं प्रॉब्लेम हा आहे की तुम्ही फुल डॅमेज म्हणून विकलंय आणि मी त्याचे पैसे दिलेत. तर म्हणे डॅमेज येतंय ना सर, स्क्रॅच दिसायलेत ना. मी म्हटलं स्क्रॅच म्हणजे पेंटचं काम, त्याला डॅमेज म्हणत नाहीत, भिंतीला ठोकून हेडलाइट जळत राहत नाही. त्यावर म्हणे सर ये गेम है, असली गाडी थोडी है. आणि मागं कुणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर लगेच, त्याच आवाजात, और कोई सहायता कर सकता हूँ सर, कॉल के बाद रेटिंग जरूर दीजिए. मी फोन ठेवेपर्यंत मेसेज आलेला, तुमची तक्रार सोडवण्यात आलेली आहे.

कुणी सोडवली? काय सोडवली? हेडलाइट अजून लागलेलीच आहे.

मी त्या पोराला दोष देत नाही, त्याला जे कागदावर दिलंय ते तो वाचणार. दोष तुमचा, कारण त्याला गेम काय आहे हेच तुम्ही सांगितलेलं नाही. आणि 'हा तर गेम आहे' हे उत्तर तुमच्या कंपनीनं तरी देऊ नये. १९९५ साली प्लेस्टेशनवर डिस्ट्रक्शन डर्बी आला, तेव्हाच्या मशीनची ताकद ती किती, तरी त्यात मार कुठल्या बाजूला बसला त्यावर गाडी कशी चालणार ते बदलायचं. १९९८ च्या कॉलिन मॅक्रे रॅली गेममध्ये गाडी ठोकली की पुढं चालवायला जड जायची. डर्ट रॅली गेममध्ये स्टेजच्या, म्हणजे रॅलीच्या टप्प्यांच्या, मध्ये सर्व्हिस एरियात ठराविक वेळ मिळतो, त्या वेळात रेडिएटर दुरुस्त करायचा की सस्पेन्शन, हे आपण ठरवायचं, सगळं होत नाही. तो गेम २०१५ चा आहे. त्याच साली बीमएनजी ड्राइव्ह स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, आला, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या छोट्या कंपनीचा, त्यात गाडीचा सांगाडाच बिंदू आणि दांड्यांनी बांधलेला असतो, प्रत्येकाला वजन, प्रत्येकाची ताकद, आणि सेकंदाला २००० वेळा हिशोब होतो की कोण वाकलं, कोण तुटलं. त्यात ठोकलेली गाडी बघून बाबा म्हणाले, ही आपल्या गॅरेजात आलेली वाटते. बाबांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही.

तुमच्या एका मेलमध्ये लिहिलंय की गाड्यांच्या लायसन्समुळं, म्हणजे खऱ्या गाड्या गेममध्ये वापरायच्या परवान्यामुळं, मर्यादा आहेत. ते मी मान्य करतो, खऱ्या कंपन्यांना आपली गाडी चेपलेली, पलटी खाल्लेली दाखवायला आवडत नाही, हे गेम खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच बीमएनजी आणि फिनलंडच्या बगबेअर कंपनीचा रेकफेस्ट, दोघांनीही गाड्या स्वतःच्या मनानं बनवल्या आणि मग मनसोक्त चेपल्या. पण तुमच्या गेममध्येही कितीतरी गाड्या तुम्ही स्वतः डिझाइन केलेल्या आहेत, त्यांच्यावर कुणाचं लायसन्स आहे? त्या तरी चेपायला पाहिजेत का नकोत? आणि समजा बाहेरची बॉडी दाखवायला परवानगी नाही, तरी कंडेन्सर, टाय रॉड, गिअरबॉक्स हे बाहेरून दिसतं का कुणाला? आतलं डॅमेज चालू ठेवायला तुम्हाला कुठल्या कंपनीनं अडवलं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, मी प्रत्येक मेलमध्ये विचारलंय.

मधे एका एक्झिक्युटिव्हनं असंही सांगितलं होतं की सर आमच्या गेममधल्या गाड्या मजबूत दाखवलेत. मजबूत गाडी म्हणजे न चेपणारी गाडी नव्हे ओ. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकातच हे मांडलं की आत माणसं बसतात तो पिंजरा कडक ठेवायचा आणि पुढचा मागचा भाग चेपू द्यायचा म्हणजे धक्का तिथंच जिरतो, १९५९ पासून तशा गाड्या रस्त्यावर आहेत. आता तर आपल्याकडं २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी आहे, ६४ किलोमीटरच्या स्पीडनं गाडी अडथळ्यावर आदळून बघतात, पोरं ते व्हिडिओ तोंडपाठ करायलेत. खानापूरचा माझा भाचा नववीला आहे, सुट्टीला आला की माझ्याकडंच खेळतो. तो म्हणाला, "मामा, तिथं ६४ ला पुढचा सगळा भाग चेपून जातोय, हिथं १९० ला हेडलाइट लागलीय, हे अपडेट हाय का काय हाय?" मी काय सांगू त्याला?

ऑनलाइनची तर वाट लावलाय तुम्ही. निपाणी, चंदगड, गडहिंग्लजकडची आमची पोरं शनिवारी रात्री एकत्र खेळायची, चांगली रेस व्हायची. आता वळण आलं की ब्रेक कोण मारतच नाही, पुढच्याच्या अंगावर गाडी घालायची, तो बाहेर फेकला जातो आणि आपण त्याच्या आधारानं वळतो, गाडीला काहीच होत नाही मग कशाला घाबरायचं. आधी असं केलं की धडक देणाऱ्याचाच रेडिएटर जायचा आणि पुढच्या लॅपला तो धूर काढत बाजूला उभा. तुमची पेनल्टी सिस्टीम सेकंद वाढवते, कधी धडक देणाऱ्याला, कधी ज्याला धडक बसली त्यालाच. फेअर खेळायला लावणारी एकच गोष्ट त्या गेममध्ये होती ती म्हणजे स्वतःची गाडी मोडायची भीती, तीच तुम्ही काढून टाकली. आमच्यातले निम्मे सोडून गेले.

आणि वाईट याचं वाटतं की हे तुम्ही केलंय. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून तुमचा जुना गेम खेळलोय मी, त्यात दार निखळायचं, काच तडकायची, ठोकून ठोकून इंजिन बंद पडायचं आणि आम्ही खुर्चीवरून उठून ओरडायचो. तेव्हापासून तुमचं नाव बघून डोळे झाकून घेत आलोय, कधी पायरेटेड घेतला नाही, दुसऱ्यांना पण घ्यायला लावला. त्या कंपनीचा माणूस मला आज विचारतो की गाडीला काही होत नाही हे चांगलंच ना.

मला दोनापैकी एक पाहिजे. फुल डॅमेज अपडेटच्या आधी होतं तसं परत द्या, ज्याला नको तो बंद करून खेळेल, पर्याय तर मेनूत आहेच. नाहीतर गेमचे आणि सीझन पासचे पूर्ण पैसे परत. कूपन नको, गेममधली कॉइन्स नकोत, फुकटची गाडी तर मुळीच नको, तिलाही काही होणार नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती मार्गी लावायची असते, हे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याला माहीत असेलच. या पत्राची पोच आली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवणार, आणि तिथंही झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, मी राहतो तिथं केस करता येते, मला तुमच्या शहरात यायची गरज नाही. दिशाभूल करणारी जाहिरात काय असते ते दाखवायला तुमचा ट्रेलर आणि माझा व्हिडिओ शेजारी शेजारी लावले की पुरेसं आहे. ट्रेलर मी डाउनलोड करून ठेवलाय, आता काढून टाकलात तरी उपयोग नाही.

परत फोन करू नका, लेखी उत्तर द्या. आणि उत्तर लिहिणाऱ्यानं आधी स्वतः गेम चालू करून, डॅमेज फुलवर ठेवून, भिंतीला समोरून गाडी घालावी आणि हेडलाइटचं काय झालं ते उत्तरात पहिल्या ओळीला लिहावं.

सोबत: खरेदीची पावती, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ, स्टोअर पानाचा स्क्रीनशॉट, 'तक्रार सोडवण्यात आली' हा मेसेज.

तुमचा जुना ग्राहक,
बेळगाव